पगाराआधी रोल विचारा

सकाळच्या शिफ्टला कोळसा खाणीच्या एकाच फाटकातून दोन अभियंते आत जातात. पदवी तीच, डोक्यावर हेल्मेट तसेच, काम जवळपास सारखेच. महिनाअखेरीस एकाच्या खात्यात लाखाच्या आसपास रक्कम पडते, दुसऱ्याच्या खात्यात वीस हजार. चंद्रपुरात याचे कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते पहिल्यांदाच नोकरीला निघालेल्या पोराला, आणि तेही तीन महिने काम करून झाल्यावर.

म्हणून ‘फील्ड इंजिनियरला आपल्याकडे काय मिळतं?’ असे कुणी विचारले, की आधी उलट विचारावे लागते: कोणाच्या रोलवर? कंपनीच्या, ठेकेदाराच्या, की त्या ठेकेदाराने ज्याला काम वाटून दिले त्या पोटठेकेदाराच्या? चंद्रपूर की पुणे, गडचिरोली की नागपूर, हा फरक खराच; पण तो यानंतरचा. चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत जागेपेक्षा रोलने पगार जास्त बदलतो.

वरच्या पायरीपासून सुरुवात करू, कारण तिथले आकडे जाहिरातीत छापलेले असतात. वेकोलि ही कोल इंडियाची कंपनी. तिथे अभियंता अधिकारी म्हणून शिरायचे तर व्यवस्थापकीय प्रशिक्षणार्थीची भरती, आणि अलीकडे तिचा रस्ता गेट परीक्षेच्या गुणांवरून जातो. प्रशिक्षणाच्या वर्षात मूळ वेतन ५०,००० रुपये, ते पुरे झाले की ई-३ श्रेणीत ६०,००० पासून पुढे. त्यावर महागाई भत्ता आणि इतर लाभ, शिवाय बहुतेक ठिकाणी क्वार्टर. हा पगार बल्लारपूर एरियात आणि झारखंडच्या खाणीत सारखाच असतो. प्रदेशाचा फरक इथे फारसा नाही.

पदविकाधारकांनी मात्र याच फाटकाचा दुसरा दरवाजा बघावा. मायनिंग सरदार, ओव्हरमन, सर्व्हेअर ही पदे अधिकाऱ्याची नाहीत, तरीही त्यांचा पगार खासगी क्षेत्रातल्या बऱ्याच बीई झालेल्यांपेक्षा जास्त आहे. २०२१ च्या जाहिरातीत वेकोलिने मायनिंग सरदारला ३१,८५२ आणि सर्व्हेअरला ३४,३९१ रुपये सुरुवातीचे मूळ वेतन सांगितले होते. मग अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार झाला. मे २०२३ मध्ये सह्या झालेला हा करार १ जुलै २०२१ पासून लागू झाला, आणि तांत्रिक-पर्यवेक्षकीय ‘सी’ श्रेणीची सुरुवात ४७ हजारांवर गेली. अट एकच: खाण सुरक्षा महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीएमएसचे, त्या पदाचे प्रमाणपत्र हवे, सरदार-ओव्हरमनला सोबत प्रथमोपचार आणि गॅस टेस्टिंग. पदविकेच्या शेवटच्या वर्षात या परीक्षेची माहिती न काढणारी मुले पुढे ठेकेदाराच्या पंपावर उभी दिसतात. प्रमाणपत्राची फी आणि दोन-तीन प्रयत्नांचा वेळ यांची पगाराशी तुलना केली, तर इतक्या स्वस्तात एवढी वाढ दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ज्यांच्या घरची जमीन खाणीत गेली त्यांचा हिशेब वेगळा. कोल इंडियाच्या धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. घरात अभियंता मुलगा असला तरी सुरुवात बहुतेकदा मजूर श्रेणीपासून होते. ‘इंजिनियर होऊन मजुरात लागायचं का?’ म्हणून नाक मुरडणारे असतात. माझे मत विचाराल तर आत शिरावे आणि डीजीएमएसच्या परीक्षा आतून द्याव्यात. ठेकेदाराकडच्या ‘प्रोजेक्ट इंजिनियर’ या भारदस्त नावापेक्षा वेकोलिच्या सर्वात खालच्या श्रेणीचे पगारपत्रक बहुधा जाड असते.

राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीत, म्हणजे महानिर्मितीत, कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन २०२२ च्या जाहिरातीत ३७,३४० पासून, तर सहायक अभियंत्याचे ४९,२१० पासून होते. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांच्या मूळ वेतनात १९ टक्के वाढ जाहीर झाली, त्यामुळे जुन्या जाहिरातीतला आकडा धरून बसू नये. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. एवढ्या मोठ्या केंद्रात कोळसा हाताळणी, राख हाताळणी, बॉयलरची देखभाल यांतले पुष्कळ काम कंत्राटावर चालते. म्हणजे ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणारा अभियंता आणि तुकूममध्ये खोली करून राहणारा अभियंता एकाच युनिटवर असले, तरी त्यांचे रोल वेगळे.

या दुसऱ्या अभियंत्याबद्दल कुणी लिहीत नाही. जास्त मुले मात्र त्याच वाटेने जातात.

खाणीतला माती काढणारा ठेकेदार, राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांत देखभालीचे काम घेणारी एजन्सी, रस्त्याचे आणि पाणीपुरवठ्याचे कंत्राटदार, टॉवरची देखभाल करणारे, डंपर-शॉवेलच्या विक्रेत्यांचे सर्व्हिस विभाग. इथे नवख्या पदविकाधारकाला साधारण बारा ते अठरा हजार आणि पदवीधराला पंधरा ते बावीस हजार असे बोलले जाते. अवजड यंत्रांच्या सर्व्हिस इंजिनियरला यापेक्षा बरे मिळते, कारण यंत्र एक दिवस उभे राहिले तर खाणमालकाचे नुकसान मोठे, आणि हायड्रॉलिक्स समजणारा माणूस लवकर मिळत नाही. पण ‘मिळते’ म्हणजे हातात किती पडते, हे एकदा कागदावर मांडून बघा.

समजा मुलाखतीत सांगितले, ‘पॅकेज तीन लाख’. महिन्याचे झाले २५,०००. निम्मे, म्हणजे १२,५००, मूळ वेतन. कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्के, १,५०० रुपये, याच पॅकेजमध्ये धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे ६०१ रुपयेही त्यातच. वार्षिक बोनसही त्यातच दाखवला, तर आणखी १,०४१ गेले. उरले २१,८५८. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात २०,१५८.

आता तास मोजा. साइटवर बारा तासांची ड्युटी आणि महिन्याला चार सुट्ट्या असतील, तर २६ दिवसांचे ३१२ तास होतात. तासाला ६५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. शेजारच्या कारखान्यात कुणी १७,००० हातात देत असेल आणि ड्युटी आठच तासांची असेल, तर तिथे तासाला जवळपास ८२ रुपये होतात. कागदावर तीन हजारांनी कमी दिसणारी नोकरी प्रत्यक्षात जास्त मोलाची आहे. वर उरलेल्या चार तासांत गेटचा किंवा बॉयलर ऑपरेशन इंजिनियरच्या (बीओई) परीक्षेचा अभ्यास होतो, तो वेगळा. बारा तासांच्या साइटवरून परतलेला माणूस पुस्तक उघडतो, असे मी तरी पाहिलेले नाही.

ओव्हरटाइमचे काय, असे कोणी विचारेल. नियमाने तो दुप्पट दराने मिळायला हवा, पण ‘कामगार’ असलेल्याला. देखरेखीचे काम करणारा आणि महिन्याला १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत कामगारच ठरत नाही. नियुक्तिपत्रात ‘साइट इन्चार्ज’ किंवा ‘सुपरवायझर’ लिहिलेले वाचून घरचे खूश होतात. त्याच शब्दाने ओव्हरटाइमवरचा दावा पातळ होतो. खरे काम काय आहे ते बघितले जाते, नुसते पदनाम नव्हे, हे खरे. पण भांडायची वेळ आली की सुरुवात त्या कागदापासूनच होते.

कागदाचा विषय निघालाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तुमच्या कामाच्या तीन गोष्टी त्यांत आहेत. नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. भत्त्यांचा डोंगर करून मूळ वेतन बारीक ठेवायची सोय कमी झाली: एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भत्ते दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. आधी त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागायचे. आपल्याकडे दोन-तीन वर्षांचे कंत्राट संपले की ठेकेदार बदलतो आणि माणसे तीच राहतात. तेव्हा तुमची नेमणूक ‘ठरावीक मुदतीची’ आहे की नुसतीच तोंडी, हे आधी बघा.

खाणीत जाणाऱ्यांनी आणखी एक विचारावे: फॉर्म बीमध्ये माझे नाव कोणाच्या नावाखाली येणार? खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्या रजिस्टरमध्ये असते. त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि व्हीटीसीचे, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातले, प्रशिक्षण होते, मग गेटपास मिळतो. ‘चार दिवस असाच ये, नोंद मागाहून करू’ असे म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. त्या चार दिवसांत अपघात झाला, तर तुम्ही तिथे कामाला होता हेच सिद्ध करावे लागते. गेटपाससाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाचेही तेच.

कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगारांसाठी कोल इंडियाने ठरवलेले एचपीसीचे, म्हणजे हाय पॉवर कमिटीचे, दर असतात, आणि ते साध्या किमान वेतनापेक्षा बरेच वर आहेत. मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, ऑपरेटर हे कुशल किंवा अतिकुशल गटात मोडतात. गंमत अशी, की ठेकेदाराकडचा ऑपरेटर एचपीसी दराने घेतो आणि त्याच्यावर देखरेख करणारा पदविकाधारक ‘इंजिनियर’ त्याच्याहून कमी घेतो, असे घडते. असे दिसले तर लाजू नका, विचारा. आपले काम कोणत्या गटात धरले आहे, हे वेतनपत्रकावर असायलाच हवे.

मुलींसाठी इथे थोडे थांबतो. खाणीत महिलांना काम नाही, असे कॉलेजात अजूनही सांगितले जाते, आणि ते जुने झाले. २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय पदांवर महिलांना भूमिगत खाणीत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत काम करायची मुभा दिली, आणि खुल्या खाणीत लेखी संमती असेल तर रात्रीही. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलेला व्यवसाय करही नाही. रात्रपाळीसाठी संमती देण्याआधी घरापर्यंत गाडी आहे का, हे लिहून घ्या. फक्त मुलींनीच नव्हे, मुलांनीही घ्यावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात कामावरून सायकलने परतणाऱ्या कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. दुर्गापूर, पद्मापूर, ऊर्जानगर या भागात रात्रीच्या शिफ्टनंतर पायी किंवा दुचाकीने जायचे की बसने, हा पगाराच्या वाटाघाटीतलाच मुद्दा आहे.

आता प्रदेश. सरकारी नोकरीत तो नेमका रुपयांत मोजता येतो. राज्याचा कनिष्ठ अभियंता एस-१४ श्रेणीत, मूळ वेतन ३८,६०० पासून. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर घरभाड्याचे दर मुंबई-पुण्यासारख्या शहरांना ३०, नागपूरसारख्यांना २० आणि बाकी सगळीकडे १० टक्के. म्हणजे मुंबईत ११,५८०, नागपुरात ७,७२० आणि गडचिरोलीत ३,८६०. महागाई भत्ता सगळीकडे सारखाच, त्यामुळे गडचिरोलीत रुजू होणाऱ्याला नागपूरवाल्यापेक्षा घरभाड्यापोटी महिन्याला ३,८६० रुपये कमी.

यावर उतारा म्हणून आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागासाठी प्रोत्साहन भत्ता आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने तो मूळ वेतनाच्या १५ टक्के ठेवला. ऐकायला भरघोस. ३८,६०० चे १५ टक्के ५,७९० होतात, आणि नागपूरशी असलेला हा फरक भरून वर जवळपास दोन हजार उरायला हवेत. पण त्याच निर्णयात कमाल मर्यादा १,५०० रुपयांची. २००२ च्या पगारांना ती मर्यादा शोभत होती. सातव्या वेतन आयोगाच्या आकड्यांपुढे ती हास्यास्पद झाली आहे. या निर्णयातली जड गोष्ट भत्ता नव्हे, ‘एकस्तर’ आहे: अशा भागात असेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी. तिच्यामुळे गडचिरोलीची नेमणूक खरोखर फायद्याची ठरू शकते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तिथून बदली झाली की पगार मूळ श्रेणीवर येतो, म्हणून एकस्तरच्या पगारावर घरकर्जाचा हप्ता ठरवू नका. आणि लाभ यादीतल्या भागालाच मिळतो. चंद्रपूर जिल्हा म्हटला की सगळे तालुके त्यात आले, असे धरू नका. रुजू होण्याआधी आस्थापना शाखेत जाऊन तालुक्याचे नाव विचारा.

खासगी क्षेत्रात प्रदेशाचा फरक असा सुटा करून दिसत नाही. पुण्याचा आकडा नेहमीच मोठा असतो, आणि त्याच्या पोटात खोलीचे भाडे, डिपॉझिट, रोजचा प्रवास बसलेला असतो. पंचवीस हजारांवर चाकणला गेलेला मुलगा आणि अठरा हजारांवर घरून गडचांदूरला जाणारा मुलगा, महिन्याला घरी पैसे कोण जास्त देतो, हे दोघांच्या आईला विचारावे. पण शिल्लक हा एकच हिशेब नाही. पुण्यात तीन वर्षांत तीन नोकऱ्या बदलता येतात आणि दर बदलाला पगार चढतो. इथे कारखाने मोजके, माणसे ओळखीची, आणि एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाताना हजार-दोन हजारांपुढे कुणी हलत नाही. इथे वाढ प्रमाणपत्राने होते: डीजीएमएस, बीओई, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना. यांतले काहीच करायचे नसेल, तर पुण्याला जाणे बरे. सिमेंट आणि वीज केंद्रांच्या शटडाऊनच्या कामांना दिवसाचा दर चांगला असतो. पण वर्षातले दिवस मोजूनच त्याच्या मागे लागावे.

गडचिरोलीत टॉवर किंवा सौर पंपाची देखभाल करणाऱ्याने पगाराहून आधी किलोमीटरचा दर विचारावा. आलापल्लीहून सिरोंचा शंभर किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन दोनशे. दुचाकी लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ धरले, तर नुसते इंधनच किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. टायर, ऑइल, चेन, घसारा वेगळा. अडीच रुपये देणारी कंपनी तुमची गाडी फुकट वापरते आहे. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; त्या दिवसांत अडकून पडलात तर राहण्या-जेवणाचा खर्च आणि हजेरी कोणाकडे, हेही आधीच विचारा. जिल्ह्यात हिवताप कायमचा आहे. आजारपणाची रजा पगारी आहे की नाही, हा तिथे कलमातला बारीक अक्षरांचा विषय नाही.

सुरजागड आणि कोनसरीने गेल्या काही वर्षांत गडचिरोलीतला भाव बदलला. सुरजागडची लोहखनिजाची खाण २०२१ नंतर जोरात चालली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला, २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी ८५ किलोमीटरची स्लरी वाहिनी सुरू झाली. जिथे अभियंत्याला सरकारी खात्याशिवाय फारसे काम नव्हते, तिथे आज यांत्रिक, विद्युत, इन्स्ट्रुमेंटेशनच्या जागा निघतात. नक्षलवाद्यांच्या जोखमीचा इतिहासही याच जिल्ह्यातला: २०१३ मध्ये खाण कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या, डिसेंबर २०१६ मध्ये पाऊणशेच्या आसपास वाहनांची जाळपोळ, आणि १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कंत्राटदाराची वाहने पेटवून मागोमाग झालेला स्फोट. त्या काळात साइटवर जाणारा माणूस जास्त पैसे मागायचा आणि त्याला ते मिळायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह शरण आला, आणि चित्र पालटले. आनंदाचीच गोष्ट. पण पगार ठरवताना ध्यानात घ्या, की जोखमीपोटी मिळणारा वाढीव भाव आता हळूहळू ओसरणार, आणि सरकारी नोकरीतले नक्षलग्रस्त भागाचे लाभही यादी बदलली की बदलतील. खासगी नियुक्तिपत्रात ‘साइट अलाउन्स’ वेगळा दाखवला असेल, तर तो मूळ वेतनात घालून मागा. वेगळा ठेवलेला भत्ता काढून घ्यायला एक ईमेल पुरतो.

शिकाऊ उमेदवारीबद्दल थोडक्यात. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० विद्यावेतन ठरवले. मोठ्या कंपनीत वर्षभर शिकाऊ म्हणून काढलेले पुढे मोलाचे ठरते, पण कायम नोकरीचे आश्वासन त्यात नसते. एका वर्षाच्या वर ‘ट्रेनी’ म्हणूनच ठेवत असतील, तर निघा.

पगार थकण्याचे दुखणे इथे जुने आहे. ‘बिल निघालं की देतो’ हे ठेकेदाराचे उत्तर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असतो. बिल निघाले की नाही, हा त्याचा आणि कंपनीचा प्रश्न. ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून पहिला अर्ज ठेकेदाराला, त्याची प्रत कंपनीच्या कार्मिक विभागाला, पोच घेऊन. कोळसा खाणीतल्या कामाची तक्रार केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते. रस्ते, सिमेंटमधली देखभाल, टॉवर यांच्यासाठी कुठे जायचे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. चुकीच्या दारात अर्ज देऊन दोन महिने घालवणारे पुष्कळ असतात. आणि पहिला पगार झाला की पुढच्या महिन्यात उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडा. वेतनपत्रकात १,५०० कापलेले दिसतात आणि पासबुकात शून्य दिसते, असे झाले तर थांबू नका. त्या दोन्ही पानांचे फोटो अर्जाला जोडा.